कोरड्या सरोवरावरील वेगसाधना

यंत्रविद्येचा इतिहास लिहिणारे बहुधा कारखानदारांची दप्तरे, पेटंटांच्या नोंदी आणि संशोधनशाळांची इतिवृत्ते समोर घेऊन बसतात. त्यामुळे ज्या विद्येने कोणापाशी अर्ज केला नाही, कोणाची सनद मागितली नाही, आणि जी घरामागच्या पत्र्याच्या छपराखाली शेजाऱ्यांच्या तक्रारी सोसत, रात्र रात्र जागून वाढली, तिची दखल त्यांच्या ग्रंथांत एखाद्या तळटीपेपुरतीच घेतली जाते. १९२० नंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या दक्षिण भागातील तरुणांनी जुन्या, मोडीत निघालेल्या फोर्ड गाड्या उकलून त्यांतून ताशी शंभर, सव्वाशे आणि पुढे दोनशे मैलांनी धावणारी जी वाहने उभी केली, आणि ज्यांना दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ‘हॉट रॉड’ हे नाव पडले, त्यांचा इतिहास हा असाच दप्तराबाहेरचा इतिहास आहे. ही विद्या वेगाच्या वेडातून जन्मली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु नुसते वेड दोन-चार वर्षांत विझते किंवा माणसाला घेऊन जाते. हे वेड टिकले, त्याचे शास्त्र झाले, याचे श्रेय माझ्या मते दोन गोष्टींना द्यावे लागते: पहिली, एक स्वस्त परंतु सदोष यंत्र, आणि दुसरी, कोणाचीही भीड न धरणारे एक घड्याळ.

या दोहोंच्या आधी भूमीचा विचार केला पाहिजे, कारण तशी भूमी नसती तर पुढचे काहीच घडले नसते. लॉस एंजलिस शहराच्या उत्तरेकडील डोंगरांची रांग ओलांडली की मोहावीचे वाळवंट लागते, आणि त्या वाळवंटात म्युरॉक, रोझामंड, हार्पर, एल मिराज अशी कोरड्या सरोवरांची विस्तीर्ण पात्रे पसरलेली आहेत. एकट्या म्युरॉकचे क्षेत्र चाळीस चौरस मैलांहून अधिक आहे. हिवाळ्यात पाऊस पडला की या पात्रांत थोडेसे, काही ठिकाणी अवघे बोटभर पाणी साचते, आणि वाळवंटातील जोरदार वारे पाण्याचा तो पातळ थर या काठावरून त्या काठावर आणि त्या काठावरून परत ढकलीत राहतात. पाण्याबरोबर वाहणारी अतिसूक्ष्म माती गेल्या वर्षीच्या भेगांत आणि चाकोऱ्यांत बसत जाते, आणि वसंतातल्या उन्हाने पाणी आटले की मैलोगणती सपाट, कठीण, फिकट रंगाची जमीन नव्याने तयार झालेली असते. कोणत्याही सरकारच्या बांधकाम खात्याला साधला नसता असा हा रस्ता निसर्ग दरवर्षी स्वतः दुरुस्त करून देत असे. त्यावर झाड नव्हते, दगड नव्हता, वळण नव्हते. वेगाची कसोटी पाहणाऱ्याला याहून अधिक काय हवे?

धनिकांना आणि व्यावसायिकांना हे स्थळ आधीच ठाऊक झाले होते. १९२७ साली फ्रँक लॉकहार्ट या तरुण शर्यतपटूने अवघ्या ९१ घनइंचांचे यंत्र असलेली मिलर गाडी म्युरॉकवर दोन्ही दिशांनी धावडवून ताशी १६४ मैलांची सरासरी गाठली होती. पण मिलरची गाडी म्हणजे सोनाराने घडवावा तसा घडवलेला जिन्नस. तिची किंमत ऐकूनच सामान्य मुलाने मागे सरावे अशी. सामान्य मुलाच्या आवाक्यात होती ती फोर्डची ‘मॉडेल टी’. १९०८ ते १९२७ या काळात तिच्या दीड कोटी प्रती निघाल्या होत्या, आणि त्यामुळे भंगारवाल्यांच्या आवारात, शेतांच्या बांधांवर, ओसाड गॅरेजांत तिचे सांगाडे थोड्याशा डॉलरांना मिळत. या गाडीचे मूळ यंत्र वीस अश्वशक्तीचे, परंतु शेवरले बंधूंनी तिच्यासाठी ‘फ्रंटेनॅक’ नावाचे, झडपा वरच्या बाजूस असलेले नवे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, बनवले होते, आणि असे हेड बसवलेली एक फोर्ड गाडी १९२३ च्या इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत पाचवी आली होती. या एका घटनेने जे शिकवले ते पुष्कळ व्याख्यानांनी शिकवले नसते: कारखान्यातून निघालेले यंत्र हे त्याच्या शक्तीचे अंतिम वाक्य नव्हे. पुढे ‘मॉडेल ए’ आली, तिच्या चार सिलिंडरांच्या यंत्रासाठी लॉस एंजलिसमध्येच रायली, क्रेगार आणि विनफील्ड यांची हेडे व कार्ब्युरेटर विकत मिळू लागले, आणि १९३१-३२ च्या सुमारास शनिवारी संध्याकाळी डोंगर ओलांडून म्युरॉककडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागू लागली.

सरोवरावर पोचल्यावर पहिले काम गाडी उघडी करण्याचे असे. मडगार्ड, पायऱ्या, पुढची काच, दिवे, टप, बॉनेट हे सारे उतरवून एका सतरंजीवर रचून ठेवीत, आणि त्याच्याजवळ एखाद्या धाकट्या भावाला बसवीत. आठवडाभर याच गाडीतून कामावर जायचे, शनिवारी रात्री याच गाडीतून वाळवंटात यायचे, रविवारी सकाळी तिचे कपडे उतरवून तिला धाववायचे आणि संध्याकाळी पुन्हा सारे चढवून तिच्यातूनच घरी परतायचे, हा शिरस्ता होता. वजन कमी करणे हा यातला अर्धाच हेतू. खरा शत्रू वारा होता. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्या विरोधावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे पंचाहत्तर मैलांनी धावणाऱ्या गाडीला दीडशे मैलांनी धावावयाचे असेल, तर केवळ हवेचाच हिशेब धरला तरी आठपट शक्ती लागणार. हा घनाचा नियम जी पोरे कोणत्याही विद्यापीठात शिकली नव्हती, ती तो हातांनी शिकली. काच काढली की वेग किती वाढतो, गाडीचे धड चौकटीत चार इंच खाली उतरवले की किती वाढतो, याचे आकडे त्यांच्या वहीत नोंदलेले असत.

मग १९३२ साली ते यंत्र आले, ज्याच्याभोवती ही सारी विद्या फिरत राहिली. आठ सिलिंडर दोन तिरप्या रांगांत बसवलेली ‘व्ही-एट’ रचना नवी नव्हती, परंतु ती महाग गाड्यांची मिरास समजली जाई. दोन्ही रांगा आणि क्रँककेस एकाच ओतकामात, एकाच बिडाच्या ठोकळ्यात ओतून ते यंत्र पाचशे डॉलरांच्या आतल्या गाडीत बसवून देणे हे हेन्री फोर्डचे धाडस होते, आणि मंदीच्या ऐन भरात ते त्याने केले. २२१ घनइंच आणि ६५ अश्वशक्ती. फोर्ड व्ही-एट हे नाव आपल्याकडच्या जुन्या पिढीलाही अपरिचित नव्हते, कारण फोर्डच्या गाड्यांची जुळणी करणारा कारखाना त्या काळी मुंबईतही होता. परंतु आपल्याकडे ते नाव ऐपतीचे लक्षण होते, तर कॅलिफोर्नियात चार-पाच वर्षांतच अपघातात सापडलेल्या गाड्यांतून तेच यंत्र शाळकरी पोरांच्या हाती पडू लागले.

या यंत्राचे दोष सविस्तर सांगितल्यावाचून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही, कारण गुणांनी त्याने विक्री मिळवली असेल, शिष्य मिळवले ते दोषांनी. त्याच्या झडपा सिलिंडरांच्या डोक्यावर नसून बाजूला, ठोकळ्यातच बसवलेल्या होत्या. म्हणून त्याचे हेड म्हणजे नुसते एक जाड सपाट झाकण, आणि म्हणूनच त्याला ‘फ्लॅटहेड’ म्हणत. इंधनमिश्रित हवा बाजूच्या झडपेतून वर येई, तिथे काटकोनाहून अधिक वळून सिलिंडरात शिरे, आणि जळून झालेला वायू त्याच वाकड्या वाटेने परत जाई. पण जळलेल्या वायूचा प्रवास तिथे संपत नसे. झडपा दोन रांगांच्या मधल्या दरीत असल्यामुळे तो तप्त वायू बाहेर पडण्यासाठी ठोकळ्याच्या आरपार, सिलिंडरांच्या मधून, थंड करण्यासाठी खेळवलेल्या पाण्याच्या पोकळीला चिकटून जात असे. आणि एका बाजूच्या चार सिलिंडरांना बाहेरची तोंडे मात्र तीनच, मधल्या दोघांना एकच सामाईक. म्हणजे यंत्र स्वतःचाच धूर पोटातून फिरवी आणि स्वतःचेच पाणी तापवी. आरंभीच्या ठोकळ्यांना तडे जात, तेल जळे, उन्हाळ्यात चढावर रेडिएटर उकळे.

अशा यंत्रापुढे बसलेल्या तरुणाने काय करावे? त्याने प्रथम ते पूर्ण उकलले, ठोकळा उलटा-सुलटा करून प्रत्येक वाट बोटांनी चाचपली, आणि जिथे ओतकामाचा खडबडीतपणा लागला तिथे हातातल्या फिरत्या सहाणेने घासून ती वाट रुंद व गुळगुळीत केली. झडप आणि सिलिंडर यांच्यामधला जो उंचवटा वायूची वाट अडवीत होता, तो त्याने खरवडून उतार केला; याला ते ‘रिलीव्ह’ करणे म्हणत. परंतु इथेच या यंत्राची खरी गाठ होती. शक्ती वाढवण्याचा दुसरा मोठा मार्ग म्हणजे दट्ट्या वर आल्यावर मिश्रण अधिक दाबले जावे यासाठी हेड तासून वरची पोकळी लहान करणे. मूळ यंत्रात दाबाचे प्रमाण साडेपाचास एक इतके सौम्य होते, तेव्हा तिथे वाव पुष्कळ होता. पण पोकळी लहान करावी तर झडपेपासून सिलिंडरापर्यंतची वाट अरुंद होते आणि यंत्राचा श्वास कोंडतो. वाट रुंद करावी तर पोकळी वाढते आणि दाब उतरतो. दाब आणि श्वास या दोहोंचे वैर या रचनेत जन्मजात होते, ते मिटवणे कोणाच्याच हाती नव्हते. तडजोड कुठे करायची, एवढेच ठरवता येत होते. एक जण दाबाकडे झुके, दुसरा श्वासाकडे, आणि दोघांचे हिशेब रविवारी सरोवरावर तपासले जात. कोणत्या प्रश्नाला एकच उत्तर नसते आणि कोणत्या प्रश्नाला असते, हे ओळखणे हाच जर अभियंत्याच्या शिक्षणाचा आरंभ असेल, तर या बिडाच्या ठोकळ्याने तो हजारो मुलांना फुकट करून दिला.

मग कार्ब्युरेटर. मूळ यंत्राला एकच. तिथे दोन, तीन किंवा चार बसवावयाचे तर त्यांना धरणारी नळी नव्याने ओतवून घ्यावी लागे. मग कॅमशाफ्ट. झडप किती उचलावी आणि किती वेळ उघडी ठेवावी, हे ज्या उंचवट्यांच्या आकारावर ठरते, ते उंचवटे पुन्हा घासून नवा आकार दिला की उच्च गतीत यंत्र मोकळेपणी श्वास घेऊ लागे, परंतु मंद गतीत ते अडखळे, धडधडे, सिग्नलपाशी बंद पडे. पण त्या अनियमित ठोक्यांवरून जाणकाराला न पाहताही कळे की आत कोणाच्या हातचा कॅम आहे. या कलेचा आद्य गुरू एड विनफील्ड. एकांतप्रिय, मितभाषी, आणि अचूकपणाच्या बाबतीत कठोर असा हा मनुष्य स्वतः बनवलेल्या यंत्रावर कॅम घाशी. त्याच्याकडे जाऊन-येऊन असणाऱ्या तरुणांत आर्मेनियन कुळातला एड इस्केंडेरियन हा एक होता. युद्धावरून परतल्यावर त्याला आपल्या गाडीसाठी कॅम हवा होता, पण घासणाऱ्यांकडे इतकी गर्दी की महिनोन् महिने थांबावे लागणार, म्हणून त्याने घासण्याचे एक जुने यंत्र स्वतःच मिळवले आणि १९४६ साली तोच धंदा मांडला. पुढे त्याचे कॅम जगभर गेले.

व्हिक एडलब्रॉकची गोष्ट याहूनही बोधप्रद आहे. कॅन्सस राज्यातून मंदीच्या काळात पश्चिमेकडे आलेला हा माणूस. लॉस एंजलिसमध्ये त्याने मोटारदुरुस्तीचे लहानसे गॅरेज टाकले. स्वतःच्या १९३२ सालच्या फोर्ड रोडस्टरसाठी त्याला बाजारातली दोन कार्ब्युरेटरांची नळी पसंत पडेना, म्हणून त्याने ‘स्लिंगशॉट’ नावाची आपली वेगळी नळी रचली. १९४१ च्या नोव्हेंबरात रोझामंडच्या पात्रावर या रोडस्टरने ताशी १२१ मैलांहून अधिक वेग नोंदवला, आणि त्याचा परिणाम असा झाला की ज्यांना त्याने त्या दिवशी मागे टाकले होते, तेच त्याच्या गॅरेजच्या दाराशी तसली नळी मागायला उभे राहिले. धंदा असा सुरू झाला. त्याची जाहिरात सरोवराने केली.

आणि सरोवराची जाहिरात खरी का मानली जाई, या प्रश्नापाशी आपण त्या दुसऱ्या गोष्टीकडे, घड्याळाकडे येतो. आरंभीच्या वर्षांत म्युरॉकवर जे चाले ते आजच्या वाचकाला भयानक वाटेल. पाच-सहा गाड्या एका ओळीत सोडीत. पुढची गाडी जी पिठासारखी धूळ उडवी तिच्यात मागच्यांना स्वतःचे हातसुद्धा दिसत नसत, आणि शहाणा चालक पाय उचले, तर हट्टी चालक त्या पांढऱ्या अंधारात तसाच घुसे. दुसरीकडे त्याच पात्रावर, कोणाच्याही आज्ञेवाचून, कोणी आडवी गाडी घालीत असे. माणसे जायबंदी झाली, काही मेली. या अनागोंदीला बंदोबस्त आणण्याचे काम सरकारने केले नाही, पोलिसांनी केले नाही. ते मुलांनीच केले. १९३७ च्या अखेरीस निरनिराळ्या क्लबांचे प्रतिनिधी एकत्र बसले आणि त्यांनी ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ ही संस्था काढली; १९३८ च्या मे महिन्यात म्युरॉकवर तिची पहिली अधिकृत स्पर्धा भरली. या संस्थेच्या नावात शर्यत हा शब्द नाही, वेळ मोजणे आहे, आणि तिच्या कारभाराचे सारे मर्म त्यात आले. पुढे गाड्या एका वेळी एकच सोडण्याचा नियम झाला. प्रतिस्पर्धी शेजारी नसे. समोर मोकळे पात्र, मध्ये मोजलेला पाव मैल, आणि त्याच्या दोन टोकांना जोडलेले वेळ मोजण्याचे यंत्र.

हे मोजणे किती नाजूक होते ते पाहावे. ताशी १२० मैलांच्या वेगाने पाव मैल ओलांडण्यास साडेसात सेकंद लागतात. हातातले घड्याळ दाबणाऱ्याचा अंगठा एका दशांश सेकंदाने चुकला तर १२० चे १२१.६ होतात, म्हणजे ज्या सुधारणेसाठी एखाद्याने सहा महिने हेड घासले, तिच्याएवढी चूक एका अंगठ्यात लपू शकते. म्हणून विजेच्या तारांवर चालणारी मोजणी आली, जबाबदार वेळमापक नेमले गेले, गाड्यांची तपासणी करून मगच त्यांना ओळीत उभे राहण्याची मुभा मिळू लागली, वर्गवारी ठरली, आणि नियम मोडणाऱ्याच्या क्लबाला दंड होऊ लागला. रस्त्याच्या कोपऱ्यावर आपली गाडी दीडशेने धावते असे सांगणाऱ्याला आता एकच प्रश्न विचारला जाई: कागद कुठे आहे? वेळमापकाच्या सहीचा तो लहानसा कागदी दाखला अनेकांनी डॅशबोर्डवर पितळी पट्टी करून मिरवला. माझे स्पष्ट मत आहे की या दाखल्याने हॉट रॉडच्या इतिहासात जे केले ते कोणत्याही कार्ब्युरेटरने केले नाही. त्याने बढाईचे रूपांतर नोंदीत केले; आणि नोंद झाली की तुलना होते, तुलना झाली की कारण शोधावे लागते, आणि कारण शोधणारा मनुष्य उडाणटप्पू राहत नाही.

म्युरॉक मात्र त्यांच्या हातून गेले. लष्कराच्या हवाई दलाने १९३३ पासूनच त्या पात्राच्या एका भागात बाँबफेकीचा सराव सुरू केला होता, आणि पुढे सारे पात्र लष्करी हद्दीत घेऊन इतरांना मनाई करण्यात आली. मुले हार्परवर गेली, रोझामंडवर गेली, एल मिराजवर गेली. १९४७ च्या ऑक्टोबरात चक येगर या वैमानिकाने ध्वनीपेक्षा अधिक वेगाने उड्डाण केले ते याच म्युरॉकच्या आकाशात, आणि त्याचे ‘एक्स-१’ विमान उतरले ते त्याच सपाट मातीवर, जिच्यावर पंधरा वर्षांपूर्वी मॉडेल ए गाड्यांनी चाकोऱ्या उमटवल्या होत्या. जागेची निवड दोघांनीही एकाच कारणासाठी केली होती.

युद्धाने स्पर्धा थांबवल्या, परंतु संघटना मोडली नाही, आणि त्याचे मोठे श्रेय व्हीडा ऑर या बाईंना आहे. या संस्थेच्या स्पर्धांत भाग घेण्याची परवानगी मिळालेली पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पती कार्ल ऑर यांच्यासह त्या सुट्या भागांचे दुकान चालवीत. युद्धाच्या वर्षांत त्यांनी ‘सी. टी. न्यूज’ हे पत्रक चालवून ते देशोदेशीच्या आघाड्यांवर गेलेल्या सभासदांना पाठवले: कोण कुठे आहे, कोणाचे यंत्र कोणाच्या गॅरेजात झाकून ठेवले आहे, कोण परत येणार नाही. पॅसिफिकमधल्या एखाद्या बेटावर बसून हे पत्रक वाचणाऱ्या मुलाने परत गेल्यावर काय बनवायचे याचे आराखडे काढले नसतील तरच नवल.

ते परत आले तेव्हा त्यांच्याजवळ साचलेला पगार होता, लष्कराने शिकवलेले वेल्डिंग, लेथकाम आणि विमानदुरुस्ती होती, आणि समोर युद्धाच्या शिल्लक मालाचे डोंगर होते. युद्धकाळात पॅसिफिकमध्ये असताना बिल बर्कने लढाऊ विमानांच्या पोटाखाली टांगण्याच्या जादा इंधनटाक्या पाहिल्या होत्या. थेंबाच्या आकाराची, हवा कापण्यासाठीच तज्ज्ञांनी रेखलेली ही टाकी रिकामी झाल्यावर विमान ती फेकून देई. युद्धानंतर ती भंगारात स्वस्त मिळू लागली. बर्कने १९४६ साली पी-५१ विमानाच्या टाकीचे धड करून त्यात गाडी बसवली, आणि पुढे पी-३८ ची मोठी टाकी घेऊन यंत्र मागे, चालक पुढे, अशी रचना केली. वाऱ्याशी जे वैर काच आणि मडगार्ड काढून लढले जात होते, त्यावर हा एकदम वेगळा तोडगा होता. स्टुअर्ट हिलबॉर्नने कार्ब्युरेटरच काढून टाकला आणि प्रत्येक सिलिंडराच्या तोंडाशी दाबाने इंधन सोडणारी आपली फ्युएल इंजेक्शनची पद्धत रचली. १९४८ साली एल मिराजवर ताशी १५० मैलांची मर्यादा त्याच्या निमुळत्या गाडीने ओलांडली, आणि त्याची पद्धत नंतर इंडियानापोलिसच्या व्यावसायिकांनीही उचलली. पेट्रोलऐवजी मिथाइल अल्कोहोल वापरले तर ते बाष्प होताना यंत्र आतून थंड करते, परंतु दुपटीहून अधिक लागते, म्हणून सगळी छिद्रे मोठी करावी लागतात, हेही याच काळात सर्वतोमुखी झाले. बार्नी नवारोने मालमोटारीच्या डिझेल यंत्राचा हवा कोंबणारा ब्लोअर काढून तो फ्लॅटहेडवर चढवला. फोर्डच्याच मर्क्युरी गाडीचा चार इंच फेरीचा क्रँक फोर्डच्या नंतरच्या, मोठ्या ठोकळ्यात घालून आणि सिलिंडरे रुंद करून त्याच्या २३९ घनइंचांचे २७५ च्या वर करणे तर १९५० च्या दशकाच्या आरंभी नित्याचेच झाले.

अॅलेक्स झायडियसने लष्करातून सुटका होताच १९४६ च्या मार्चमध्ये बरबँक येथे ‘सो-कॅल स्पीड शॉप’ हे दुकान थाटले. १९४९ च्या ऑगस्टमध्ये यूटा राज्यातील बॉनेव्हिलच्या मिठाच्या पठारावर हॉट रॉडवाल्यांना प्रथमच रीतसर प्रवेश मिळाला, तेव्हा त्याने आणि डीन बॅचलरने बनवलेली सर्वांगाने झाकलेली गाडी १८९ मैलांवर गेली, आणि पुढच्याच वर्षी तिने २०८ मैलांची सरासरी नोंदवली. यंत्र कोणते? तेच बाजूच्या झडपांचे, आपल्याच धुराने तापणारे. मूळच्या ६५ अश्वशक्तीच्या रचनेतून अठरा वर्षांत, बहुतांशी कारखान्याच्या मदतीवाचून, एवढे काढून दाखवणे हा यंत्रविद्येच्या इतिहासातला मोठा पराक्रम आहे, आणि तो तळटीपेत ढकलण्यासारखा नाही.

शहरांत मात्र या मुलांचे नाव वाईट झाले होते. रात्री निर्जन रस्त्यांवर शर्यती होत, अपघात होत, आणि वर्तमानपत्रे कोणत्याही जुन्या गाडीच्या अपघाताचा मथळा ‘हॉट रॉड’ने सजवीत; कायद्याने असल्या गाड्या बंद कराव्यात, अशी मागणी उठली. संस्थेने यावर निषेधपत्र काढले नाही. तिने १९४८ च्या जानेवारीत लॉस एंजलिसच्या शस्त्रागार-भवनात प्रदर्शन भरवले आणि क्रोमचे भाग, नीटस जोडकाम, भक्कम ब्रेक हे सारे नागरिकांना जवळून पाहू दिले. याच प्रदर्शनाच्या वेळी रॉबर्ट पीटरसनने ‘हॉट रॉड’ या मासिकाचा पहिला अंक विक्रीस काढला. पुढे त्या मासिकाचे संपादन वॉली पार्क्सकडे आले. संस्थेच्या उभारणीत वाटा असलेल्या या माणसाने १९५१ मध्ये ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ काढून सरोवरावरची शिस्त देशभर नेली. कारण प्रत्येक गावाजवळ सरोवर नव्हते. पण धावपट्ट्या होत्या. १९५० साली सांता आना येथे विमानतळाच्या धावपट्टीवर रविवारी पाव मैलाच्या शर्यती सुरू झाल्या, आणि स्थिर उभ्या गाडीने पाव मैल किती वेळात कापला हे मोजण्याचा तो प्रकार पुढे ‘ड्रॅग रेसिंग’ म्हणून सर्वत्र पसरला. रस्त्यावरची शर्यत मनाईहुकमाने थांबली नाही. तिला जागा आणि घड्याळ मिळाले तेव्हा ती बरीच ओसरली.

फ्लॅटहेडचे राज्य मात्र तेव्हाच ढळू लागले होते. १९४९ मध्ये ओल्ड्समोबील आणि कॅडिलॅक यांनी वरच्या झडपांची नवी व्ही-८ यंत्रे बाजारात आणली, १९५१ मध्ये क्रायसलरने अर्धगोल पोकळीचे यंत्र आणले, आणि १९५५ मध्ये शेवरलेने २६५ घनइंचांचे हलके, स्वस्त यंत्र आणून फोर्डची जागाच घेतली. यातली एक घटना नोंदण्याजोगी आहे. झोरा आर्कस-डंटॉव्ह या अभियंत्याने १९४७ च्या सुमारास आपल्या भावासह फोर्डच्या फ्लॅटहेडसाठी ‘आर्डन’ नावाचे, वरच्या झडपांचे हेड बनवले होते. पुढे तोच शेवरलेच्या नोकरीत शिरला आणि तिथल्या कोर्व्हेट गाडीला वेगवान करणारा मुख्य माणूस ठरला. घरामागच्या छपराखाली जे प्रश्न विचारले जात होते, ते आता कारखान्यांच्या आराखडेघरात विचारले जाऊ लागले होते. सुट्या भागांचा धंदा मोठा झाला, एडलब्रॉक आणि इस्केंडेरियन यांची नावे कंपन्यांची नावे झाली, आणि तयार भाग विकत घेऊन वेगवान गाडी जुळवणे ही पैशाची बाब बनली. त्यात लबाडी काही नाही. परंतु ठोकळ्याच्या वाटा बोटांनी चाचपणाऱ्याला जे कळत होते, ते विकतच्या पेटीबरोबर येत नाही, एवढे म्हटले पाहिजे.

एल मिराजच्या पात्रावर आजही उन्हाळ्याच्या आधीपासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत त्याच सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशनच्या स्पर्धा भरतात, गाड्या एका वेळी एकच सोडल्या जातात, आणि विजेत्याला मोठे धन मिळत नाही, नोंद मिळते. फोर्डने अमेरिकेतील आपल्या मोटारींत फ्लॅटहेड यंत्र १९५३ नंतर बसवले नाही. त्या संस्थेच्या नियमपुस्तकात मात्र १९३२ ते १९५३ या काळातील फोर्ड आणि मर्क्युरी यांच्या फ्लॅटहेड व्ही-८ यंत्रांसाठी स्वतंत्र वर्ग अद्याप राखलेला आहे, आणि त्यातले विक्रम अजूनही मोडले जात आहेत.